चार ट्रक काळी माती

करोल बाग, नवी दिल्ली
८ जून १९९८

ती. विजयाताईस,
हरिदासचा सा. नमस्कार.

डेपोच्या फाटकाचा पास फुकट मिळतो. तशी फाटकावर पाटीच आहे. आता खरा हिशेब ऐक. तीन दिवस सकाळपासून उन्हात उभं राहणं, साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा एक डबा, फाटकावरच्या सुभेदारसाहेबांचं एकाहत्तरचं युद्ध अथपासून इतिपर्यंत दोनदा (दुसऱ्यांदा आपण जरा जास्तच जिंकलो), आणि त्यांच्या मेव्हण्याच्या शेतावरचा पंप बघून देईन असा शब्द. एवढं दिलं, मग फुकटचा पास खिशात आला.

काम काय, तर माती स्वच्छ करायची. हसू नकोस. फौजेचा गाड्यांचा जुना डेपो आहे, गुडगावच्या रस्त्याला. नाव लिहीत नाही, कारण तो गुप्त आहे. ऑटोवाल्याला नुसतं ‘गुप्त डेपो’ म्हटलं की तो बरोबर फाटकाशी नेऊन सोडतो. तिथे चाळीस वर्षं ट्रक धुतले, इंजिनं उघडली, काळं ऑइल जमिनीत जिरवलं. शिवाय जमिनीखालची डिझेलची एक टाकी कधीपासून झिरपत होती ते देव जाणे. कळलं कसं म्हणशील, तर कुंपणापलीकडच्या गावातला एक चौधरी तक्रार घेऊन आला. त्याच्या हातपंपाला दोन वर्षं डिझेल येत होतं. ट्रॅक्टर त्यावरच चालायचा. त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं असं होतं की, “साबजी, आजकल इसमें पानी आ रहा है. कोई मिलावट कर रहा है.”

आता फर्मान निघालंय की तेलकट माती खणून काढा, विहिरी मारा आणि भूजलावरचं डिझेल ओढून घ्या. वरचं कंत्राट एका मोठ्या कंपनीचं. खणणं, वाहणं आणि पंप माझे. पुण्याहून अश्लेषा नावाच्या शास्त्रज्ञ बाई आल्या आहेत. त्या म्हणतात, माती प्लास्टिकवर पसरू, त्यात जंतू सोडू, जंतू तेल खाऊन टाकतील. ताई, फौजेत आता जंतूंची भरती!

तुझ्या नव्या फ्लॅटच्या सोसायटीचं पाणी कसं आहे, हे तू तिसऱ्यांदा विचारलंस. अगं, तिथली बोअर मी स्वतः मारलीय. पंचवीस वर्षं ह्या दिल्लीच्या पोटात भोकं पाडतोय मी. अख्ख्या द्वारकेत (सरकारी कागदावर परवापर्यंत पप्पनकलाँ) असं पाणी नाही. गोड कसलं, नारळपाणी आहे नारळपाणी! तुझा मुतखडा आठ दिवसांत विरघळेल. अजून कुणी राहायला आलेलं नाही, पण दर रविवारी सगळे सभासद डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन येतात आणि आपापल्या फ्लॅटच्या भिंतींवरून हात फिरवून जातात. तुझा अमोल आणि सूनबाई अक्षताही लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून येतात. दिवाळीला तू मुक्काम हलवच.

तुझा,
हरिदास


मिरज
१७ जून १९९८

चि. हरिदास यास,
अनेक आशीर्वाद.

जंतूंना हसलास ह्याचं नवल वाटलं नाही. मॅट्रिकला रसायनात तुला जे मार्क पडले होते, ते मी मावशीपासून, तुझ्या आईपासून, चार दिवस लपवले होते. तेल म्हणजे त्या जंतूंचं जेवण. हवा, ओलावा आणि थोडं शेणखत मिळालं, माती वरचेवर उलटीपालटी केली, की ते खातात. बाई हुशार दिसते. तिचं ऐक, मध्येमध्ये बोलू नकोस.

माझी शंका वेगळीच आहे. जंतूंचं जेवण होईपर्यंत माती कुठे ठेवणार? उघड्यावर टाकलीस आणि पाऊस पडला, तर तेल पुन्हा खाली झिरपणार. तेव्हा प्रत्येक ट्रक कुठे रिकामा होतो त्यावर डोळा ठेव.

पाण्याचं तिसऱ्यांदा विचारलं कारण तिन्ही वेळा तू उत्तर दिलं नाहीस, जाहिरात केलीस. डॉक्टरांनी बजावलंय, दिवसाला तीन लिटर पाणी, आणि तेही चांगलं. पुन्हा खडा झाला तर थेट ऑपरेशन. इथल्या विहिरीच्या पाण्यावर माझं बरं चाललंय. तरी अमोलजवळ राहायचं म्हणून तुझ्या शब्दावर फंडाचे सगळे पैसे त्या फ्लॅटमध्ये घातले आणि मालकांना ऑक्टोबरअखेर घर सोडते म्हणून सांगून बसले. नारळपाणी राहू दे. पिता येतं की नाही, तेवढं सांग.

विजयाताई


करोल बाग
१२ जुलै १९९८

ती. ताईस सा. न.

पिता येतं. बिल्कुल पिता येतं.

जंतू आले. पुण्याहून पिंपांत भरून आले. फाटकावर सुभेदारसाहेबांनी अडवले. नियम असा की आत जाणाऱ्या प्रत्येक जिवाची नोंद व्हायला हवी.

“कितने हैं?”

“एक चम्मच में करोड़ों,” अश्लेषाबाई म्हणाल्या.

सुभेदारांनी पेन खाली ठेवलं. “बाहर जाते वक्त गिनती मिलनी चाहिए, मैडम.”

“बाहर नहीं जाएँगे. तेल खत्म होगा तो वहीं भूखे मर जाएँगे.”

सुभेदारांनी वही मिटली. मग उठून त्यांनी स्वतः फाटक उघडलं. शपथेवर सांगतो ताई, पिंपं आत जाताना त्यांचा हात अर्धा कपाळाकडे गेला होता.

विहिरींचं कामही जोरात आहे. मिसळीवर तर्री तरंगते ना, तसं पाण्यावर डिझेल तरंगतं. पंप असा लावायचा की वरची तर्री तेवढी यावी आणि खालचा रस्सा हलू नये. हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. माती इतकी निघतेय की डेपोत पसरायला जागा पुरेना. म्हणून निम्मी माती नजफगडच्या बाजूला घेतलेल्या मैदानावर जाते. ट्रकांवर नरसिंह आहे, आपला उदगीरचा, माणूस सरळ. वाटेत द्वारका लागते, तेव्हा तुझ्या फ्लॅटवरही येताजाता नजर राहते. मी परवा हिसारला निघतोय, तिथे दुसऱ्या एका कामाच्या बोअर अडकल्यात. तीनेक आठवडे लागतील. इकडे काळजीचं कारण नाही. माझ्या हाताखाली माती हरवत नाही.

हरिदास


मिरज
२४ जुलै १९९८

चि. हरिदास यास आशीर्वाद.

आपल्या ‘सह्यकिरण’ गृहनिर्माण संस्थेचं परिपत्रक आलं. चिटणीस तात्याराव मुळावेकर. हे परभणीचे, आणि दिल्लीतल्या कुठल्याशा मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले, असं अमोल म्हणाला. त्यातला मजकूर उतरवते:

‘सभासदांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, संस्थेच्या बागेसाठी आपल्या मराठवाड्यात असते तशी, किंबहुना तीच, अस्सल काळीभोर कसदार माती चार ट्रक भरून प्राप्त झाली आहे. दिल्लीच्या पिवळ्या रेताड जमिनीवर तीस वर्षे काढलेल्या आम्हा उपस्थितांचे डोळे पाणावले. येत्या रविवारी मृत्तिकापूजन व तुळशीची स्थापना. महिला सभासदांनी हळदीकुंकवाचे साहित्य आणावे.’

सगळ्यांचे डोळे पाणावले हे वाचून मला जरा चमत्कारिक वाटलं. दिल्लीत काळी माती आली कुठून? इतकी वर्षं तू तिथली जमीन खणतोस. कधी बोलला नाहीस.

विजयाताई


हिसार
२ ऑगस्ट १९९८

ती. ताईस सा. न.

परिपत्रकात माझं नाव नाही? असंच असतं बघ. अगं, दिल्लीत मराठी माणसाला काळी माती कोण मिळवून देणार? दुसरं आहे कोण? भोपाळच्या पुढून आणवली. मालगाडीतले एक साहेब ओळखीचे आहेत. तात्यारावांना म्हटलं, नाव नको, काम बोलू दे. वीस वर्षं ह्या लोकांकडून ‘आमच्याकडची माती, आमच्याकडची माती’ ऐकतोय. म्हटलं, घ्या एकदाची.

इकडे हवा चांगली आहे. दूध-तूप भरपूर.

हरिदास


मिरज
११ ऑगस्ट १९९८

चि. हरिदास यास आशीर्वाद.

अमोलचं पत्र आलं. तुळस चौथ्या दिवशी तपकिरी झाली. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू रुजला नाही. त्या मातीकडे मुंगीसुद्धा फिरकत नाही. अक्षताने तासभर बागकाम केलं, तर रात्री जेवताना हाताला पेट्रोलपंपासारखा वास येत होता. तात्याराव तिला म्हणाले, “सूनबाई, कसदार मातीला वास असतोच. तुम्ही दिल्लीत वाढलात, तुम्हाला सवय नाही.” आणि पाऊस झाला तेव्हा तुझ्या बोअरच्या पाइपाभोवती साचलेलं पाणी चकाकत होतं म्हणे.

तुझी भोपाळची मालगाडी माझ्या गळ्याखाली उतरत नाही. आता सांगते ते कर. तिथली मूठभर माती काचेच्या ग्लासात टाक, वर पाणी ओत, ढवळ आणि तासभर हलवू नकोस. मग पृष्ठभागावर काय दिसतं ते लिहून कळव. हा प्रयोग मॅट्रिकला नव्हता, तेव्हा नापास होण्याची भीती नाही.

विजयाताई


करोल बाग
१९ ऑगस्ट १९९८

ताई,

इंद्रधनुष्य.

भोपाळ वगैरे खोटं होतं. माती माझीच आहे, डेपोतली. काल नरसिंहाला समोर बसवून विचारलं, तर त्याने न अडखळता सगळं सांगितलं. जुलैत तो भरलेला ट्रक घेऊन सोसायटीवरून चालला होता. फाटकाशी सफारी घातलेला, काखेत फाइल असलेला माणूस हात करून उभा. तात्याराव. त्यांनी माती बघितली, हातात घेतली, कपाळाला लावली.

“कुठला रे तू?”

“उदगीरचा, साहेब.”

“आणि मी परभणीचा! तरीच म्हटलं, ही माती ओळखीची कशी वाटतेय. उतरव इथे.”

“साहेब, ह्याच्यात तेल आहे.”

“असणारच! आपली माती तेलकटच असते. हाताला कशी चिकटते बघ. उतरव.”

नरसिंह मला म्हणाला, “मालक, दिल्लीत काखेत फाइल घेतलेला माणूस ‘उतरव’ म्हणाला की आपण उतरवतो. आणि त्यांनी मला चिवडा दिला. सात वर्षांत ह्या गावात कुणी मला मराठीत ‘जेवलास का’ विचारलं नव्हतं.” म्हणून त्याने पाठोपाठ आणखी तीन ट्रक नेऊन दिले.

बोअर बागेपासून वीस पावलांवर आहे. रात्री झोप नाही. पण तू घाबरू नकोस. ह्या आठवड्यात दिवसाउजेडी चार पोरं लावून माती भरून नेतो आणि पिवळी टाकतो. कुणी विचारलं तर म्हणेन, खत घालायला नेली. डेपोत कळलं तर माझं नाव कायमचं काळ्या यादीत जाईल.

हरिदास


मिरज
२६ ऑगस्ट १९९८

हरिदास,

गुपचूप काही करायचं नाही. ते पाणी मी एकटी पिणार नाही. अमोल-अक्षता पिणार आहेत, साठ बिऱ्हाडं पिणार आहेत. सभा बोलाव, उभा राहा, सांग. अश्लेषाबाईंना बरोबर ने. बोअरच्या पाण्याचा नमुना त्यांच्या प्रयोगशाळेत तपासायला दे.

रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी तिकीट काढणार नाही. मालकांनी माझ्या जागी भाडेकरू बघून ठेवलाय, तरी नाही.

विजयाताई


करोल बाग
१४ सप्टेंबर १९९८

ती. ताईस सा. न.

सांगितलं. तुझं ऐकून सांगितलं. आता काय झालं ते वाच.

मागच्या रविवारी सोसायटीच्या गच्चीवर सभा भरली. मी उभा राहिलो आणि म्हटलं, “मंडळी, बागेतली माती फौजेच्या डेपोतली आहे. तिच्यात डिझेल आहे. ती आजच्या आज उचलायला हवी.”

तात्यारावांनी चष्मा पुसला. “हरिदासराव, किती हवी आहे तुम्हाला?”

“मला नकोय!”

“मग नेता कशाला?”

मागून शुभदाबाई नावाच्या एक सभासद म्हणाल्या, “ह्यांचा गुडगावला प्लॉट आहे. बंगल्यापुढे बाग करायची असेल.”

मी ग्लास दाखवला. इंद्रधनुष्य सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं. ऑडिटमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, “ग्लास तुमच्या घरून आणलाय ना? मग कसा ग्राह्य धरणार?”

अश्लेषाबाई पुढे झाल्या. डिझेल मातीत कसं उतरतं, पाण्यात कसं जातं, शरीरात काय करतं, सगळं नीट सांगितलं. तात्यारावांनी मायेने विचारलं, “मुली, तू कुठली?”

“पुण्याची.”

“हां. मग तुला काळी माती काय ठाऊक!”

टाळ्या, ताई! टाळ्या पडल्या. शेवटी ठराव झाला की मातीला कुणी हात लावू नये आणि तिच्यासाठी एक चौकीदार नेमावा. सभेत एकट्या अमोलने विरोधात हात वर केला. अक्षताने त्याचा दुसराही वर केला.

दुसऱ्या दिवशी डेपोच्या कर्नलसाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. नाव जाणार हे धरूनच गेलो होतो. सगळं सांगितलं. परभणी, उदगीर, चिवडासुद्धा. साहेबांनी एकच विचारलं, “मिट्टी किसकी है?”

“सर, डेपो की.”

“तो ले आइए.”

“सर, वो लोग देते नहीं.”

साहेब पहिल्यांदाच हसले.

काल रविवारी सोसायटीच्या फाटकात फौजेची जीप आणि मागे चार रिकामे ट्रक. सुभेदारसाहेब उतरले, कागद उघडला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “यह मिट्टी सरकारी संपत्ति है.”

बस्स! डिझेलने जे झालं नाही, ते ह्या दोन शब्दांनी झालं. अगं, सगळे जन्मभर सरकारी नोकरीत. अर्धे पेन्शनीत, बाकीचे पेन्शनीच्या वाटेवर. ‘सरकारी संपत्ति’ म्हटल्याबरोबर जो तो मातीपासून दोन पावलं मागे. शुभदाबाईंनी घरी कुंडीत नेलेली माती दुपारपर्यंत पिशवीतून परत आणून दिली. ऑडिटवाल्यांनी चपलांचे तळवे ट्रकच्या फळीवर घासले आणि पोच मागितली. चौकीदार स्वतः फावडं मारत होता. आणि तात्याराव? ते सुभेदारांना म्हणत होते, “मैं तो पहले दिन से लिखित आपत्ति लेनेवाला था.”

पण ट्रक निघताना तात्याराव एकटेच कुंपणाशी उभे होते. मी जवळ गेलो. म्हणाले, “हरिदासराव, वास मलाही आला होता हो. पण रंग काय होता!”

माझं नाव काळ्या यादीत गेलं नाही. कर्नलसाहेब म्हणाले, खोटं बोलायला येणारे फार, खरं सांगायला पहिलाच आला. मात्र खालची आणखी दीड फूट माती माझ्या खर्चाने काढायची, आणि रोज संध्याकाळी प्रत्येक ट्रकचा पत्ता स्वतः सुभेदारांना जाऊन सांगायचा. तेव्हा युद्ध आता रोज चालू आहे.

बोअरचा नमुना अश्लेषाबाई घेऊन गेल्या. डिझेल खोल उतरलं नसावं असं म्हणतात, पण शपथ घेत नाहीत. तीन आठवडे लागतील. रिपोर्ट चांगला आला तर तू गाडीत बस. मी मिरजेला जाऊन तुझं सामान ट्रकात घालून घेऊन येतो. तेवढं तरी माझ्याकडे लागतंच.

हरिदास


द्वारका, नवी दिल्ली
२५ ऑक्टोबर १९९८

चि. हरिदास यास,
मु. मिरज
अनेक आशीर्वाद.

पोचले. दिवाळी अमोलच्या क्वार्टरमध्ये झाली आणि काल इथे राहायला आलो. इमारतीत आमचंच पहिलं बिऱ्हाड. रिपोर्ट मी पुन्हा स्वतः वाचला. बोअरच्या पाण्यात डिझेलचा अंशही नाही. तू सभेत उभा राहिलास म्हणून वेळेवर माती निघाली, असं अश्लेषाबाई म्हणाली. मुलगी गुणाची आहे. भाऊबीजेला फराळाला आली होती. डेपोतलं काम अजून दोनेक वर्षं तरी चालेल म्हणाली, पण विहिरींवरचा डिझेलचा थर पातळ होत चाललाय. चौधरीच्या हातपंपाला आता डिझेल येत नाही. तो नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन फाटकाशी बसलेला असतो.

तात्याराव भेटायला आले होते. बागेत पिवळी माती पसरलीय. तिच्याकडे बघत म्हणाले, “विजयाबाई, हिच्यात काही उगवेल का हो?” म्हटलं, शेणखत घाला, उगवेल. नरसिंहाला ते हल्ली दर रविवारी जेवायला बोलावतात.

सामान भरताना घाई करू नकोस. पाटा-वरवंटा जुन्या पोत्यात गुंडाळ. विहिरीचं पाणी पिऊन घे पोटभर. मालकांना माझा नमस्कार सांग. नवा भाडेकरू आला असेल तर त्याला म्हणावं, रहाट उजवीकडे जरा अडकतो.

तुझी,
विजयाताई

ता. क. आज सकाळी पहिल्यांदा तुझ्या बोअरच्या पाण्यावर स्वयंपाक केला. प्रयोगशाळेला आपण फक्त डिझेलचं विचारलं होतं, तिने तेवढंच सांगितलं. पाणी खारट आहे. चहाचं दूध फाटलं. डाळ शिजली नाही.